थंडरने २०१२ मध्ये हार्डनला द्यायला नको होते, असे आजही कोणाला वाटते का?

सहावा गडी (धागाकर्ता)

२०२५ च्या जूनमध्ये एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सला सातव्या सामन्यात हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हापासून आमच्या रविवारच्या मंडळींत एक वाक्य वरचेवर ऐकू येते: "बघ, शेवटी प्रेस्टीच बरोबर ठरला." सॅम प्रेस्टी हा थंडरचा जनरल मॅनेजर, आणि विषय असतो २७ ऑक्टोबर २०१२ च्या त्या ट्रेडचा (खेळाडूंच्या अदलाबदलीचा), ज्यात त्याने जेम्स हार्डनला ह्यूस्टन रॉकेट्सकडे धाडले. मला हे वाक्य पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडता यावे म्हणून हा धागा काढला आहे.

ज्यांनी तो काळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. थंडरने २००७ ते २००९ अशा लागोपाठ तीन वर्षांच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) केविन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक, सर्ज इबाका आणि हार्डन असे चार हिरे वेचले होते. (२००७ साली संघ सिएटलमध्ये होता, तो ओक्लाहोमा सिटीत आला २००८ मध्ये.) २०१२ च्या जूनमध्ये हा संघ अंतिम मालिकेत मायामी हीटकडून ४-१ असा हरला, तेव्हा चौघांपैकी एकानेही वयाची चोविशी ओलांडलेली नव्हती. हार्डन त्या हंगामात ६२ सामने खेळला आणि त्यांपैकी फक्त दोन सामन्यांत तो सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत होता. बाकावरून येऊन त्याने सामन्यामागे १६.८ गुण केले आणि 'सिक्स्थ मॅन ऑफ द इयर' हा सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार मिळवला.

त्याचा पहिला करार संपायला आणखी एक अख्खा हंगाम बाकी होता. मुदतवाढीची अंतिम तारीख ३१ ऑक्टोबर होती. वर्तमानपत्रांत आलेल्या आकड्यांनुसार थंडर चार वर्षांचे साधारण साडेपाच कोटी डॉलर द्यायला तयार होते आणि नियमानुसार जास्तीत जास्त देता येणारी रक्कम सहा कोटींच्या आसपास होती. त्या फरकावर बोलणी अडली, आणि मुदतीच्या चार दिवस आधी हार्डनसह कोल ऑल्ड्रिच, डेक्वान कुक आणि लाझार हेवर्ड यांना देऊन थंडरने केविन मार्टिन, जेरेमी लॅम्ब, ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे दोन पिक (निवडीचे हक्क) आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक घेतला.

माझा आक्षेप पैशांबद्दल नाही, घाईबद्दल आहे. ३१ ऑक्टोबरला काही आभाळ कोसळणार नव्हते. करार झाला नसता तरी हार्डन २०१२-१३ चा हंगाम थंडरकडूनच खेळला असता, आणि जुलै २०१३ मध्ये तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट झाला असता. म्हणजे दुसऱ्या कोणत्याही संघाने त्याला कितीही देऊ केले, तरी तितकीच रक्कम देऊन त्याला ठेवून घेण्याचा पहिला हक्क थंडरचाच होता. अंतिम मालिकेपर्यंत पोहोचलेल्या संघाने ते एक वर्ष का सोडून दिले? मला प्रश्न एवढाच विचारायचा आहे.

नागपूरकर डावखुरा

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी स्वतः डावखुरा आहे आणि कॉलेजच्या संघात कायम राखीव खेळाडू होतो, त्यामुळे हार्डनकडे मी ओढला गेलो यात नवल नाही.

मला आठवतो तो डॅलसविरुद्धच्या पहिल्या फेरीचा चौथा सामना. तिकडे ५ मे २०१२ ची शनिवारची संध्याकाळ होती आणि आपल्याकडे रविवारची पहाट. डॅलस आदल्या वर्षीचे विजेते होते आणि तीन चतुर्थांश संपले तेव्हा ते १३ गुणांनी पुढे होते. त्यानंतर चेंडू हार्डनच्या हाती आला आणि बराच वेळ तो दुसऱ्या कोणाच्या हाती गेलाच नाही. एकच साधा डाव होता. उंच सहकारी वर येऊन आडोसा द्यायचा, हार्डन डाव्या हाताने चेंडू खाली ठेवत त्याच्या खांद्याला खांदा घासून निघायचा, पहिल्या दोन पावलांत बचाव करणाऱ्याला मागे टाकायचा आणि मग एकदम वेग कमी करायचा. त्या वेग कमी करण्यातच सगळी मेख होती, कारण आत उभ्या असलेल्या उंच खेळाडूला कळायचेच नाही की हा आता उडी मारणार आहे, चेंडू पास करणार आहे की अंगावर येऊन फाउल मिळवणार आहे. शेवटच्या चतुर्थांशात त्याने १५ गुण केले, एकूण २९, आणि डॅलसचे आव्हान ४-० असे संपले.

ड्युरंट आणि वेस्टब्रुक मैदानावर असताना प्रशिक्षक स्कॉट ब्रूक्स यांनी सामना बाकावरच्या खेळाडूच्या हाती सोपवला होता. ज्याच्या हाती शेवटची बारा मिनिटे दिली जातात, त्याला 'राखीव' म्हणायचे तरी कसे?

हिशेबनीस

धागाकर्त्यांची तळमळ समजते, पण माझे मत वेगळे आहे. मी व्यवसायाने हिशेब तपासनीस असल्यामुळे थोडे आकडे मांडतो.

२०११ च्या टाळेबंदीनंतर लीगचा नवा वेतनकरार झाला आणि त्यात लग्झरी टॅक्सचे, म्हणजे संघाचे एकूण पगार ठरलेल्या रेषेपुढे गेले तर लागणाऱ्या कराचे, दर बदलले. तोपर्यंत ठरलेल्या रेषेच्या वर जितके डॉलर, तितकाच कर असे. २०१३-१४ पासून मात्र रेषेवरच्या पहिल्या ५० लाखांना दीडपट, पुढच्या ५० लाखांना पावणेदोनपट, त्यापुढच्या ५० लाखांना अडीचपट असा चढता दर लागू झाला. म्हणजे संघ रेषेच्या एक कोटी डॉलर वर गेला तर कर १ कोटी ६२ लाखांहून अधिक, आणि दीड कोटी वर गेला तर कर पावणेतीन कोटींच्याही पुढे.

आता २०१३-१४ चे पगार पाहू. ड्युरंट सुमारे १ कोटी ७८ लाख, वेस्टब्रुक १ कोटी ४७ लाख, इबाका १ कोटी २३ लाख, केंड्रिक पर्किन्स साधारण ८५ लाख. त्यात हार्डनचे १ कोटी ३७ लाख मिळवले की पाच जणांचेच ६ कोटी ७० लाख होतात. त्या वर्षीची करमर्यादा ७ कोटी १७ लाखांच्या आसपास होती. उरलेल्या ४७ लाखांत आठ-दहा खेळाडू बसवणे शक्य नाही, तेव्हा कर अटळ होता, आणि तोही एका वर्षापुरता नाही. ओक्लाहोमा सिटी हे न्यू यॉर्क किंवा लॉस एंजेलिस नाही. तिथल्या स्थानिक प्रक्षेपणाचे उत्पन्न मर्यादित आहे. मालकांनी हात आखडता घेतला हे खरे, पण त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता.

केवडा

हिशेबनीस, यादीत पर्किन्स कशाला हवा? त्याला वगळून बेरीज करून पाहा.

लेकर्सवेडी

सहाव्या गड्यांना सोडण्याची चूक थंडरने पहिल्यांदा केली असे कोणाला वाटत असेल, तर आम्हा लेकर्सच्या चाहत्यांची कहाणी ऐका.

२०११ चा सिक्स्थ मॅन पुरस्कार आमच्या लमार ओडोमला मिळाला होता. सहा फूट दहा इंच उंचीचा हा खेळाडू चेंडू खेळवत नेऊ शकायचा, रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू) घ्यायचा, आणि २००९ व २०१० या दोन्ही विजेतेपदांत त्याचा मोठा वाटा होता. डिसेंबर २०११ मध्ये क्रिस पॉलला आणण्याच्या ट्रेडमध्ये त्याचे नाव आले. तो ट्रेड लीगने रोखला. पण आपल्याला विकायला काढले होते हे ओडोमच्या मनाला इतके लागले की त्याने स्वतःच बदली मागितली आणि काही दिवसांत तो डॅलसला गेला. बदल्यात लेकर्सना एकही खेळाडू मिळाला नाही, फक्त एक ट्रेड एक्सेप्शन (पुढच्या ट्रेडमध्ये वापरायची पगाराची सवलत) आणि डॅलसचा पहिल्या फेरीचा पिक मिळाला. डॅलसमध्ये ओडोमचा खेळ पार ढासळला, सामन्यामागे जेमतेम साडेसहा गुण, आणि हंगाम संपण्याआधीच तो संघाबाहेर पडला.

पुढचा भाग या धाग्याशी थेट जोडलेला आहे. डॅलसचा तोच पिक लेकर्सनी मार्च २०१२ मध्ये डेरेक फिशरसोबत ह्यूस्टनला दिला आणि ह्यूस्टनने ऑक्टोबरमध्ये हार्डनसाठी तो थंडरला दिला. म्हणजे २०११ च्या सर्वोत्तम सहाव्या गड्याच्या बदल्यात आलेला कागद २०१२ च्या सर्वोत्तम सहाव्या गड्याच्या बदल्यात पुन्हा हस्तांतरित झाला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्यावर मिच मॅकगॅरी निवडला गेला, आणि तो दोन हंगामांत लीगबाहेर होता. दोन असामान्य खेळाडूंच्या बदल्यात हाती काय लागले, ते एवढ्यावरून कळावे.

नागपूरकर डावखुरा

लेकर्सवेडी ताई, ही साखळी मला ठाऊक नव्हती. आणि ह्यूस्टनने फिशरला मोकळे केल्यावर तो त्याच वसंतात थंडरकडे आला आणि अंतिम मालिकेत हार्डनच्याच बाजूला बाकावर बसला, हेही त्यात जोडायला हवे.

चौकस

मला इथला सूर एकतर्फी वाटतो. दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे २०१२ ची अंतिम मालिका. हार्डनने पाच सामन्यांत अनुक्रमे ५, २१, ९, ८ आणि १९ गुण केले. तिसरा आणि चौथा सामना अटीतटीचे झाले, आणि त्या दोन्हींत मिळून त्याचे १७ गुण झाले. लेब्रॉन जेम्ससमोर बचाव करताना तो दमून जात असे हे सर्वांनी पाहिले. मालिकेत सर्वांत मोठा दबाव असताना जो खेळाडू दिसेनासा झाला, त्याला चार महिन्यांनी सर्वोच्च रक्कम द्यावी का, हा प्रश्न व्यवस्थापनाला पडला असेल तर तो गैर नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चेंडू एकच असतो. ड्युरंट, वेस्टब्रुक आणि हार्डन या तिघांनाही चेंडू हातात हवा असतो. पुढे ह्यूस्टनमध्ये हार्डनने जे केले (२०१८ चा एमव्हीपी म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, लागोपाठ तीन हंगाम सर्वाधिक सरासरी, २०१८-१९ मध्ये सामन्यामागे ३६.१ गुण), ते संपूर्ण संघ त्याच्याभोवती उभा केल्यामुळे झाले. थंडरमध्ये राहून तो असा घडलाच नसता. तेव्हा आपण ज्या हार्डनसाठी हळहळतो, तो थंडरने गमावलेला हार्डन नव्हेच.

सहावा गडी

चौकस, आपला दुसरा मुद्दा वजनदार आहे आणि त्यावर मी बराच विचार केला. पण मला ३६ गुण करणारा हार्डन नकोच होता. मला १६.८ गुणांचा, ३१ मिनिटांचा हार्डन हवा होता. तो थंडरकडे होता, आणि त्याच्यासह ते अंतिम मालिकेत पोहोचले होते.

पहिल्या मुद्द्याबद्दल म्हणाल तर अंतिम मालिकेच्या आधीची पश्चिम विभागाची मालिकाही तितकीच जमेस धरायला हवी. सॅन अँटोनियो स्पर्सविरुद्ध ०-२ असे मागे पडूनही थंडरने सलग चार सामने जिंकले. पाचव्या सामन्यात, स्पर्सच्या मैदानावर, शेवटच्या अर्ध्या मिनिटाच्या सुमारास हार्डनने कवाय लेनर्डच्या पसरलेल्या हातांवरून थ्री (लांबून तीन गुणांचा फटका) टाकला आणि सामना १०८-१०३ असा खिशात घातला. त्या क्षणी त्याच्यावर दबाव नव्हता का? बावीस वर्षांच्या मुलाची पारख मायामीविरुद्धच्या पाच रात्रींवरून करायची, आणि सॅन अँटोनियोची रात्र विसरायची, हा न्याय मला मान्य नाही.

ह्यूस्टनवासी

मी २००६ पासून ह्यूस्टनमध्ये राहतो, त्यामुळे या ट्रेडची दुसरी बाजू सांगू शकतो. रॉकेट्स सलग तीन वर्षे प्लेऑफ्सबाहेर (बाद फेऱ्यांबाहेर) होते. याओ मिंग निवृत्त झाला होता, आणि डॅरिल मोरी हे जनरल मॅनेजर पिक आणि मध्यम दर्जाचे खेळाडू साठवत एखाद्या मोठ्या नावाची वाट पाहत बसले होते. शहरात बास्केटबॉलबद्दल कोणी बोलत नव्हते.

ट्रेडनंतर चार दिवसांत हार्डनशी पाच वर्षांचा, सुमारे आठ कोटी डॉलरचा करार झाला. ३१ ऑक्टोबरला डेट्रॉइटविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने ३७ गुण आणि १२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) केले, दोन दिवसांनी अटलांटात ४५ गुण. आमच्या कार्यालयात त्या सोमवारी चहाच्या वेळेस दुसरा विषयच नव्हता.

आणखी एक बारकावा इथे कोणी मांडलेला नाही. त्या वेतनकरारानुसार पहिल्या करारावर असलेल्या खेळाडूंपैकी एकालाच पाच वर्षांची मुदतवाढ देता येत होती, आणि थंडरने ती जानेवारी २०१२ मध्ये वेस्टब्रुकला दिली होती. त्यामुळे हार्डनला ते चारच वर्षे देऊ शकत होते. म्हणजे त्याने थंडरमध्ये राहण्यासाठी पाचव्या वर्षावर आधीच पाणी सोडले असते, आणि त्यावर त्याच्याकडून आणखी काही लाख कमी घेण्याची अपेक्षा होती. शेवटच्या प्रस्तावावर विचार करायला आपल्याला तासभरच दिला गेला, असे त्याने नंतर सांगितले. हे वाचल्यापासून मला त्याचा निर्णय लोभाचा वाटत नाही.

मैदानाची रेघ

मी पुण्यात शाळकरी मुलींना बास्केटबॉल शिकवते, त्यामुळे एका वेगळ्या बाजूने लिहिते.

सहाव्या गड्याचे मोल गुणांच्या तक्त्यात पूर्ण दिसत नाही. थंडरच्या पहिल्या पाचांत थाबो सेफोलोशा असायचा. तो बचावाचा खेळाडू. पहिली पाच-सहा मिनिटे तो समोरच्या उत्तम गार्डला थोपवून धरायचा, आणि मग हार्डन यायचा. त्यानंतर ड्युरंट किंवा वेस्टब्रुक विश्रांतीला गेले तरी हल्ला थांबत नसे. समोरचा संघ आपले राखीव खेळाडू उतरवत असे तेव्हा त्यांच्यासमोर पहिल्या पाचांच्या तोडीचा खेळाडू उभा असे. हार्डनला बाकावर बसवणे ही योजना होती, त्याची पायरी ठरवणारा शिक्का नव्हता. मात्र पगाराची वेळ आली की 'बाकावरचा' हा शब्द नकळत तराजूत पडतो.

माझ्या जिल्हा स्पर्धेच्या संघात चार वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी होती. ती दुसऱ्या चतुर्थांशात उतरायची आणि तिच्यासोबतच्या चार जणी तिच्या भरवशावर निर्धास्त खेळायच्या. पालकांचा आग्रह आणि माझा मोह, दोन्हींमुळे मी तिला पहिल्या पाचांत घेतले. पहिल्या पाचांना तिची फारशी गरज नव्हती, आणि उरलेल्या चौघी उपांत्य सामन्यात चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायलाही बिचकू लागल्या. आम्ही ६ गुणांनी हरलो. तेव्हापासून कोणी मला विचारले की संघातली सर्वांत महत्त्वाची जागा कोणती, तर मी पहिल्या पाचांतली एकही सांगत नाही.

थंडरचेही तेच झाले. केविन मार्टिन उत्तम नेमबाज होता आणि त्याने सामन्यामागे १४ गुण केलेही, पण तो दुसऱ्याने तयार करून दिलेला फटका मारणारा खेळाडू होता. राखीव खेळाडूंना सोबत घेऊन डाव रचणे हे त्याचे काम नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात तो मिनेसोटाला गेला.

केवडा

मॅडम, प्रतिसाद फार आवडला. त्या मुलीचे पुढे काय झाले?

सूनर

मी त्या वेळी नॉर्मनला विद्यापीठात शिकत होतो. तिथून ओक्लाहोमा सिटी गाडीने अर्ध्या तासावर.

बातमी आली ती शनिवारची रात्र होती. आम्ही पाच-सहा भारतीय विद्यार्थी एका मित्राच्या खोलीत जेवत होतो. एकाने फोनवर वाचून दाखवले आणि आम्हाला ती अफवा वाटली, कारण नवा हंगाम अवघ्या चार-पाच दिवसांवर आला होता. दुसऱ्या दिवशी ज्या दुकानात मी अर्धवेळ काम करायचो, तिथे एक वयस्कर गिऱ्हाईक गल्ल्यापाशी थांबून म्हणाले की मुलगा नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा वाटले होते तसे वाटते आहे. त्या गावाला दुसरा कोणताही मोठा व्यावसायिक संघ नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ते असे का म्हणाले हे कळते.

२८ नोव्हेंबरला हार्डन रॉकेट्सच्या लाल गणवेशात पहिल्यांदा तिथे खेळायला आला. मी अगदी वरच्या रांगेचे स्वस्त तिकीट काढले होते. माझ्या पुढे एक बाई दोन लहान मुलांना घेऊन बसल्या होत्या आणि तिघांनीही हार्डनसारख्या काळ्या लोकरीच्या दाढ्या कानांत अडकवल्या होत्या. हार्डनचे नाव पुकारले तेव्हा लोक उभे राहिले आणि बराच वेळ टाळ्या वाजत राहिल्या. सामना सुरू झाल्यावर मात्र तो गोंधळलेला दिसला, १६ पैकी ३ च फटके बास्केटमध्ये गेले आणि थंडर सहज जिंकले. धाकट्या मुलाला त्याचा आनंद झालेला दिसत नव्हता. तिसऱ्या चतुर्थांशात त्याने दाढी काढून मांडीवर ठेवली.

विक्रमादित्य७

सगळ्यांच्या भावनांचा आदर करून म्हणतो, पण निकाल काय लागला? हार्डनला अजून एकही विजेतेपद नाही. थंडरकडे ते आहे. त्या ट्रेडमध्ये जे पिक आले त्यांतूनच पुढचा संघ उभा राहिला ना?

हिशेबनीस

विक्रमादित्य, इथे मला धागाकर्त्यांची बाजू घ्यावी लागेल, कारण ही साखळी चुकीची आहे. हार्डनच्या बदल्यात जे आले त्यातून टिकला तो एकटा स्टीव्हन ॲडम्स. २०१३ मध्ये बाराव्या क्रमांकावर निवडलेला हा खेळाडू सात हंगाम थंडरकडे उत्तम खेळला. लॅम्ब तीन वर्षांनी गेला, मॅकगॅरीचे वर आलेच आहे, आणि दुसऱ्या फेरीच्या पिकवर आलेला आलेक्स अब्रीनेस काही हंगामच खेळला.

२०२५ च्या विजेत्या संघाची वंशावळ हार्डनकडून नाही, इबाकाकडून येते. जून २०१६ मध्ये इबाकाला ऑर्लँडोला देऊन ओलाडिपो आणि सबोनिस आले. २०१७ मध्ये त्या दोघांना देऊन पॉल जॉर्ज आला. २०१९ मध्ये जॉर्जला क्लिपर्सकडे देऊन शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पिकांचा ढीग आला, आणि त्यांतल्याच एका पिकवर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स निवडला गेला. म्हणजे २०१२ मध्ये ज्याला ठेवले त्याच्यामुळे हे घडले. आणि तेसुद्धा ड्युरंट जुलै २०१६ मध्ये गोल्डन स्टेटला निघून गेल्यावरच्या पडझडीतून सावरताना. नंतरच्या यशाने आधीचा निर्णय बरोबर ठरत नाही. हिशेबात आपण एका वर्षाचा नफा दुसऱ्या वर्षाच्या खात्यावर मांडत नाही.

सहावा गडी

हिशेबनीस, मनःपूर्वक आभार. आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्या एका वर्षात काय घडले हे अजून कोणी सांगितलेले नाही.

२०१२-१३ मध्ये थंडरने ६० सामने जिंकले आणि पश्चिम विभागात पहिला क्रमांक मिळवला. पहिल्या फेरीत समोर आला तो आठव्या क्रमांकाचा ह्यूस्टन, म्हणजे हार्डन. दुसऱ्या सामन्यात पॅट्रिक बेव्हर्ली वेस्टब्रुकच्या गुडघ्यावर आदळला, आतली कूर्चा (मेनिस्कस) फाटली आणि वेस्टब्रुकचा हंगाम तिथेच संपला. ती मालिका थंडरने ४-२ अशी कशीबशी जिंकली, पण पुढे मेम्फिसने त्यांना ४-१ असे गुंडाळले. त्या मालिकेत ड्युरंट एकटाच चेंडू वर आणायचा, एकटाच डाव रचायचा, एकटाच शेवटचा फटका मारायचा, आणि चौथ्या चतुर्थांशात त्याचे पाय उचलत नसत. ज्या हंगामात त्यांना डाव रचणाऱ्या दुसऱ्या खेळाडूची सर्वाधिक गरज पडली, तोच हंगाम त्यांनी ऑक्टोबरमध्ये देऊन टाकला होता, आणि तो खेळाडू त्यांच्याच विरुद्ध खेळत होता.

दुखापत कोणालाही आधी दिसत नाही, हे मान्य. पण त्यानंतर २०१४ मध्ये स्पर्सविरुद्ध पहिले दोन सामने इबाकाविना खेळावे लागले. २०१५ मध्ये ड्युरंटच्या पायाच्या दुखापतीमुळे तो २७ सामनेच खेळला आणि ४५ विजय मिळवूनही बरोबरीच्या निकषावर प्लेऑफ्स हुकले. २०१६ मध्ये गोल्डन स्टेटवर ३-१ अशी आघाडी घेऊन ती गमावली. चार वर्षांत चारदा संघाला आणखी एका आधाराची गरज पडली. दुखापत होणार हे गृहीत धरूनच चौथा खांब उभा करायचा असतो.

चौकस

२०१६ चा सहावा सामना आठवला. क्ले थॉम्पसनचे ११ थ्री. शेवटच्या मिनिटांत थंडरचा हल्ला एकेकट्याच्या खेळावर आला होता आणि चेंडू सुटत होता. तिथे हार्डनसारखा शांतपणे पिक अँड रोल (सहकाऱ्याच्या आडोशाचा डाव) खेळणारा असता तर काय झाले असते, हा विचार माझ्याही मनात आला होता, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. तरी एका चेंडूबद्दलचे माझे मत कायम आहे. पुढे ह्यूस्टनमध्ये वेस्टब्रुक आणि ब्रुकलिनमध्ये ड्युरंट यांच्यासोबत हार्डन पुन्हा खेळला, पण विजेतेपद दोन्हीकडे आले नाही.

ह्यूस्टनवासी

ते पुनर्मीलन तिशीतल्या, आपापल्या सवयी पक्क्या झालेल्या खेळाडूंचे होते. २०१२ मध्ये ते तिघे एकमेकांच्या सवयींसोबत वाढत होते. मनू जिनोबिली स्पर्सकडे बाकावरून येत राहिला आणि त्या संघाने चार विजेतेपदे मिळवली, कारण टिम डंकन, टोनी पार्कर आणि तो यांची वीण वर्षानुवर्षे उसवू दिली नाही. प्रेस्टी स्वतः त्याच संघाच्या कार्यालयात घडलेले, म्हणून अधिक वाईट वाटते.

मैदानाची रेघ

केवडा, त्या मुलीबद्दल आपण विचारले होते. पुढच्या वर्षी मी तिला पुन्हा बाकावर बसवायचे ठरवले, पण या वेळी आधी तिच्याशी आणि तिच्या आईवडिलांशी तासभर बोलले. शेवटची पाच मिनिटे तू मला मैदानावर हवीच आहेस, असे तिला स्पष्ट सांगितले. ती आनंदाने तयार झाली आणि दोन वर्षे तशीच खेळली. आता ती महाविद्यालयाच्या संघात आहे.

हिशेबनीस

केवडा यांनी सुरुवातीलाच एका ओळीत विचारलेला प्रश्न मला टाळता येणार नाही, म्हणून काल रात्री पुन्हा बेरीज केली.

नव्या वेतनकराराने प्रत्येक संघाला एकदाच एक सवलत दिली होती, तिला 'ॲम्नेस्टी' म्हणत. २०११ च्या टाळेबंदीआधी झालेल्या करारावरचा एक खेळाडू मोकळा करायचा. त्याचे पैसे मालकाने द्यायचेच, पण ते वेतनमर्यादेत आणि करात धरले जात नसत. पर्किन्सची मुदतवाढ मार्च २०११ ची, म्हणजे तो या सवलतीत बसत होता.

२०१३-१४ साठी पर्किन्सला वगळले, तर ड्युरंट, वेस्टब्रुक, इबाका आणि हार्डन यांचे मिळून साधारण ५ कोटी ८५ लाख होतात. करमर्यादा ७ कोटी १७ लाख. उरलेल्या नऊ-दहा जणांसाठी सुमारे १ कोटी ३० लाख उरतात. त्यांत बहुतेक जण किमान वेतनावर किंवा पहिल्या करारावर ठेवावे लागले असते, आणि पर्किन्सची, म्हणजे उंच सेंटरची जागा स्वस्तात भरावी लागली असती. ओढाताण झाली असती, पण मी पहिल्या प्रतिसादात 'कर अटळ होता' असे लिहिले होते, ते विधान मी मागे घेतो. मालकांना त्या वर्षी खरा भुर्दंड पडला असता तो पर्किन्सला न खेळता द्यायच्या सुमारे ८५ लाखांचा. आणि तो निर्णयसुद्धा २०१३ च्या उन्हाळ्यापर्यंत घ्यावा लागणार नव्हता.